पाचव्या वाढदिवसाची तुला

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आता चव्वेचाळीस आहे. मधल्या काळात तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. डायरीत रोज काहीबाही लिहिते आणि त्यातलं बरंचसं तुम्हालाच सांगितल्यासारखं असतं, तेवढं पुरायचं. पण गेल्या रविवारी उंद्रीला, माझ्या सासरी, जे घडलं ते डायरीत तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा पान फाडलं. प्रत्येक वेळी मी त्यात फार शहाणी दिसत होते. तुमच्यासमोर असलं शहाणपण चालत नसे. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत तुम्ही नुसते बघत राहायचात, आणि तेवढ्यात आपल्या बोलण्यातलं कमी-जास्त आपल्यालाच कळायचं. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

तुम्हाला नात आहे. लग्नानंतर बारा वर्षांनी झाली, मी एकोणचाळीसची असताना. रविवारी ती पाच वर्षांची झाली. ती कशी आहे हे सांगताना लोक आधी रंगरूप सांगतात. ते राहू द्या, नाक तुमचं आहे एवढंच. तिचं वेगळेपण असं, की ती विचारते. ‘काऊन?’ म्हणून कारण तर सगळीच मुलं विचारतात. ही परवानगी विचारते. चिखलीला आमच्या शेजारी शेळीचं करडू आहे. बाकीची मुलं धावत जाऊन त्याला उचलतात. ही आधी त्याच्यासमोर उकिडवी बसते आणि म्हणते, “घेऊ का तुले?” करडू थांबलं तर घेते. उड्या मारत निघून गेलं तर मागे फिरते आणि मला येऊन सांगते, “आज नाई म्हणते ते.” चेहऱ्यावर रुसवा नाही, काही नाही. हाच नियम ती स्वतःलाही लावते. कोणी गालाला हात लावायला आलं की हात मागे बांधून उभी राहते, “विचारलं नाई तुमी.” माझी नणंद एकदा म्हणाली, “वहिनी, हे पोट्टी हाये का वकील?” केस मी विंचरायचे आणि वेणी पप्पांनी घालायची असं तिनं ठरवून टाकलंय, त्यामुळे माझ्या नवऱ्याला चाळिशी उलटल्यावर वेणी शिकावी लागली. शाळेत झाडाचं पान निळं रंगवलं म्हणून बाईंनी हिरवा खडू हातात दिला, तर तिनं दुसरं एक पान हिरवं केलं आणि पहिलं निळंच ठेवलं. मी हे सगळं कौतुकानं लिहून ठेवते, आणि लिहून झालं की शंका येते, आपण हट्टीपणाला गोड नावं तर देत नाही ना. ही शंका अजून फिटलेली नाही.

जन्मली तेव्हा ती एक किलो तीनशे पन्नास ग्रॅम होती. सातव्या महिन्यातच आली. तेवढ्या वजनाची तर तुम्ही बाजारातून वांगी आणायचात. सव्वा महिना ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. रोज सकाळी नर्स तिचं वजन सांगायची आणि मी ते पेननं हातावर लिहून घ्यायची. वीस ग्रॅम वाढलं. दहा कमी झालं. त्याच दिवसांत सासूबाई उंद्रीच्या देवीला बोलून आल्या, की पोरीला पाच वर्षांची होऊ दे, तुझ्या दारात तिच्या भाराचा गूळ तोलून वाटीन. मला तेव्हा सांगितलं नाही, बोललेलं फोडायचं नसतं म्हणे. मी देवीला काही बोलले नव्हते, पण माझंही त्याहून फार वेगळं नव्हतं. तिला घरी आणल्यावर मी एक वजनकाटा विकत आणला आणि दर रविवारी, अंघोळीच्या आधी, तिचं वजन करून वहीत लिहायला लागले. पाच वर्षं एकही रविवार चुकला नाही. तिसऱ्या वर्षीच डॉक्टर म्हणाले होते, मुलगी ठणठणीत आहे, आता याची गरज नाही. मी मान हलवली आणि पुढच्याच रविवारी तिला पुन्हा काट्यावर उभं केलं.

ही सवय कुठून आली हे तुम्हाला सांगायला नको. डोणगावच्या बाजारात तुम्ही मापारी. शेतकऱ्याच्या मालाचा लिलाव झाला की तो तोलायचं काम तुमचं. तीन लाकडी बल्ल्या उभ्या करून मधोमध मोठा काटा टांगलेला, एका पारड्यात लोखंडी वजनं, दुसऱ्यात पोतं. मोजताना तुम्ही ‘एक’ कधी म्हटलं नाही. ‘लाभ’ म्हणायचात, मग दोन, मग तीन. तुमच्या जोडीला दुसरे मापारी, आपले चाचा होते, ते ‘बरकत’ म्हणून सुरुवात करायचे. एकाच काट्यावर एक दिवस लाभ आणि एक दिवस बरकत. माझा वाढदिवस माघातला, तुरीच्या हंगामातला. सकाळी आई डोक्यावरून पाणी घालते, नवा फ्रॉक घालते, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवता आणि लिलाव सुरू व्हायच्या आत मी पारड्यात असते. वजनं चढतात, उतरतात, काटा डुलत डुलत थांबतो, आणि तुम्ही अख्ख्या आवारात ऐकू जाईल असं ओरडता, “चौदा किलो चारशे!” हमाल टाळ्या पिटतात. कोणी मूठभर शेंगा देतं, कोणी बोरं. मोठेपणी आईनं सांगितलं, की माझ्या आधीचा मुलगा नऊ महिन्यांचा होऊन वाळत वाळत गेला, आणि त्याचं वजन कधी कोणी केलंच नव्हतं. हे कळल्यावर तुमच्या त्या ओरडण्यातला आनंद मला कळला. पण तोवर काही गोष्टी होऊन गेल्या होत्या, आणि त्या मी तुम्हाला कधी सांगितल्या नाहीत.

नवव्या वर्षी मला महिनाभर ताप येऊन गेला होता. वजन घटलं असणार आणि तुमचा चेहरा पडणार या भीतीनं मी घरून निघताना दोन तांबे पाणी प्यायले. सायकलवर पोटात डुचमळत होतं. तुम्ही ओरडलात, “बावीस!” आणि मी पारड्यातून उडी मारून गोदामाच्या मागे पळाले. परत आले तेव्हा चाचा हळूच म्हणाले, “इतना पानी कायकू पी गई, बेटी?” त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. बाराव्या वर्षी मी पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस घातला होता. ओढणी पारड्याच्या साखळीत अडकली. पारडं हलू नये म्हणून श्वास धरून बसले होते, तेवढ्यात एक हमाल म्हणाला, “मापारी, पुढच्या वर्षी पोरीले क्विंटलचा काटा आणा!” सगळे हसले. तुम्हीही हसलात. खाली उतरल्यावर तुम्ही विचारलंत, “काऊन वो माय, चूप काऊन?” मी म्हटलं, “काई नाई.” संध्याकाळी तुम्ही मला अडत्याकडून मिळालेली नव्या वर्षाची डायरी आणून दिलीत, लाल पुठ्ठ्याची, पानोपानी खताची जाहिरात. “लिहीत जाय,” म्हणालात. त्या डायरीत मी पहिली ओळ लिहिली ती माझं त्या दिवशीचं वजन. दुसरं काही लिहायचं धाडस झालं नाही. पुढच्या वर्षी त्या दिवशी मी पोट दुखतं म्हणून पडून राहिले, आणि मग ते आपोआपच बंद झालं.

आणि तरीही हे खरं आहे, की माणसाच्या ‘नाही’साठी थांबायचं असतं हे मी तुमच्याकडेच पाहिलं. पहिलं पोतं चढवायच्या आधी तुम्ही मालाच्या मालकाकडे बघून मोठ्यानं विचारायचात, “धनी राजी?” लिलावात भाव बोलला गेलेला असायचा, पण शेतकरी ‘राजी’ म्हणेपर्यंत पोतं जागचं हलायचं नाही. बहुतेक वेळा तो नुसता उपचार असे. मी दहा वर्षांची असताना एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून तुमचा डबा घेऊन आले होते. गळ्यात मफलर गुंडाळलेला एक माणूस चार पोती तूर घेऊन उभा होता. तुम्ही विचारलंत, “धनी राजी?” तो बोलेना. पुन्हा विचारलंत. तो पोत्यावर हात ठेवून तसाच. अडत्या ओरडला, “चढवा ना पोते, मापारी! मांगं गाड्यायची लाइन लागून राह्यली.” तुम्ही साखळी सोडून खाली बसलात.

“त्यानं हो म्हटलं नाई अजून.”

“मंग नाई म्हटलं का त्यानं?”

“नाई बी नाई म्हटलं. म्हणू द्या त्याले काय म्हणाचं ते.”

चाचाही तुमच्या शेजारी येऊन बसले. शेवटी तो माणूस म्हणाला, “मी वापस नेतो,” आणि पोती गाडीत चढवून निघून गेला. पुढचे आठ दिवस अडत्यानं तुम्हाला कामावर बोलावलं नाही. ते आठ दिवस तुम्ही आईच्या चुलीजवळ पाटावर बसून काढलेत. मेथी निवडलीत, लसूण सोललात, आणि आई भाकरी थापत असली की “हे दीडशे ग्रॅमची झाली, ते सव्वाशेची” असं चालूच. सहाव्या दिवशी आई म्हणाली, “तुमी बाजारात जा, नाईतर म्याच जातो.” मी तुम्हाला विचारलं होतं, पोती का नाही चढवलीत? तुम्ही लसणाच्या पाकळीवरून नजर न उचलता म्हणालात, “त्याचा माल हाये ना, बाई. मी कोण?” आता समोर नाही तर लिहूनच विचारते. मग मला का नाही विचारलंत, बाबा? बारा वर्षांत एकदाही?

हे विचारायचा मला किती हक्क आहे ते आता सांगते. दिवाळीत सासूबाईंनी नवस उघड केला. “पाचवं सरलं की पोरीची तुला कराची. देवीले बोलली होती म्या.” मला राग आला नाही, उलट आनंद झाला, आणि लगेच डोक्यात आलं की काटा तुमचाच पाहिजे. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. पण तुमचा तो टांगता काटा चाचांकडे अजून आहे हे मला ठाऊक होतं. चाचा पंच्याहत्तरीचे झालेत. फोन केला तर म्हणाले, “काटा तो है, बेटी. जंग उतारना पडेगा.” आठ दिवस खपून त्यांनी दांडी घासली, साखळ्यांना तेल दिलं आणि पुतण्याच्या मालवाहू ऑटोतून तो काटा स्वतः उंद्रीपर्यंत घेऊन आले. नवस सासूबाईंचा, काटा तुमचा, मुलगी माझी. मला वाटलं, किती छान जुळून आलं. मुलीला विचारायचं कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही, जी त्या करडाचं कौतुक डायरीत लिहून ठेवते.

सकाळी दहाच्या सुमाराला देवळासमोर तीन बल्ल्या उभ्या राहिल्या. गावातल्या पंचवीस-तीस बायका, भावकीतले पुरुष, परातीत सोळा किलो गुळाच्या भेल्या. सासूबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या आणि आदल्या दिवसापासून उपाशी होत्या. मुलीनं पिवळा फ्रॉक घातला होता आणि खाली शाळेचे काळे बूट, कारण तिला तेच आवडतात. औक्षण झालं. ती पारड्यात स्वतः चढून बसली, कोणी उचललं नाही. दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. समोरच्या पारड्यात सासूबाईंनी पहिली भेली ठेवली. चाचांनी दांडीला हात लावला आणि जुन्या सवयीनं, थोडं गमतीनंही, आवाज चढवून विचारलं, “धनी राजी?”

हशा पिकला. “राजी, राजी!” सासूबाई म्हणाल्या. नवरा मोबाइल समोर धरून म्हणाला, “राजी!” मीही म्हटलं. आणि त्या सगळ्या गलक्याच्या खालून ती म्हणाली, “नाई.”

चाचांनी दांडीवरचा हात काढला. “क्या बोली?”

“नाई.” आणि ती खाली उतरली.

सासूबाई तिच्यासमोर वाकल्या. “काऊन वो माय? तुह्यासाठीच तं केलं हे सारं. एवढुशी होती तू, तळहातावर मावे.”

“मले नाई बसाचं, आजी.”

“विचारा वकीलसाहेबाले, पुढची तारीख कोणती देते ते,” नणंद म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले. नवरा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “दोन मिनिट बसव ना वो तिले. फोटो झाला की उतरव. आईचं मन राह्यते.” तो वाईट माणूस नाही. त्याला आईच्या उपवासाची काळजी होती. त्यानं मुलीला उचलायला हात पुढे केले, तिनं आपले मागे बांधले. चाचा कोणाकडेच न बघता म्हणाले, “धनी राजी नहीं है.” आता ते गमतीनं बोलत नव्हते.

तुम्ही मला त्या क्षणी आठवलात असं काही झालं नाही, बाबा. आठवली ती साखळीत अडकलेली ओढणी. मी म्हटलं, “चाचा, काटा सोडा. ती बसणार नाही.”

“अन् नवस?” नवरा म्हणाला.

“गूळ वाटू. सगळा वाटू. तिला तोलायचं नाही.”

सासूबाई सरळ उभ्या राहिल्या. “देवीले काय सांगू मी?”

“सांगा, की पोर मोठी झाली, नाही म्हणायला लागली.” हे मी बोलले खरी, पण इतक्या हळू, की शेवटचे शब्द माझे मलाच ऐकू आले नाहीत. सासूबाईंना मात्र ऐकू गेले. त्या मला ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “अंदाजानं देल्लेलं चालत नाई, बाई. मापाचं बोलली होती म्या. मापाऱ्याची पोरगी तू, तुले समजाले पाह्यजे.” आणि घरी निघून गेल्या. त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी देवळासमोर शब्दाला पक्की अशी दोनच माणसं होती, माझी मुलगी आणि माझी सासू, आणि मी त्यातल्या एकीची बाजू घेतली.

गूळ मी आणि नणंदेनं घरोघरी फिरून वाटला. काही बायकांनी घेतला, काहींनी “राहू दे, न तोललेला काय कराचा,” म्हणून दार लोटलं. एका दारात कोणीतरी “शिकलेल्या मायची पोट्टी” म्हटलं तेव्हा नणंदच उसळून म्हणाली, “मंग बिनशिकलेल्या मायची तुमची कोणती मोठी कलेक्टर झाली?” चाचा चहा पिऊन निघाले. काटा त्यांनी आमच्या पडवीतच ठेवला, पाठ दुखते म्हणाले. ऑटोत बसताना मला म्हणाले, “तेरे बाप को आठ रोज घर बैठना पडा था. तेरे को कितने रोज लगते, देख.”

परतताना गाडीत मी मुलीला विचारलं, का नाही बसलीस? नवऱ्यानं आरसा तिच्याकडे वळवला.

“बाजारात मोजते अन् मंग थैलीत टाकते,” ती म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. दिवसभरात पहिल्यांदा. मी तिला नीट समजावलं, की माणसांना कोणी थैलीत टाकत नाही, आजीला फक्त तुझ्याएवढा गूळ मोजायचा होता.

“मले ठाऊक हाये.”

“मग?”

“मंग नाई.”

थोड्या वेळानं ती झोपली. मी विचार करत होते, की हे नुसतं भीतीतून आलं असतं तर समजूत घालून प्रश्न सुटला असता, पण हे तसं नाही. तिला कारण द्यायचंच नाही, आणि कारण न देता केलेला नकारही नकारच असतो का, हे मला ठरवायला हवं. मी ठरवलं, असतो. पण लगेच दुसरी शंका आली, आणि ती जास्त टोचते. मी तिचं ‘नाई’ राखलं, की माझं बत्तीस वर्षांपूर्वीचं न म्हटलेलं ‘नाई’ तिच्या तोंडून म्हणून घेतलं? एका लहान मुलीच्या आडून मी तुमच्याशी भांडत होते का? यावर खूप विचार केला. थोडं तसंही असेल. पण हेतूत भेसळ होती म्हणून ते कृत्य चुकीचं ठरत नाही, असं मला आज वाटतं. माझ्या मनात काहीही असो, तिला बसायचं नव्हतं, आणि तिला बसवलं नाही. यात मी मागे हटणार नाही.

पण सासूबाईंचं देणं फेडल्याशिवायही राहणार नाही. पाच दिवस झाले, मी रोज फोन करते. त्या उचलतात, “पोरीले दे,” म्हणतात आणि नातीशी हसून बोलतात. ती त्यांना निळ्या पानाची गोष्ट सांगते, त्या म्हणतात, “असते वो, असते निळं पान बी.” माझ्याशी एक शब्द नाही. येत्या रविवारी मी उंद्रीला एकटी जाणार आहे. काटा पडवीत आहेच. चाचांना फोन केला, ते येतो म्हणालेत. सासूबाईंना सांगणार आहे, की देवीला मापाचं बोलला होतात, तर मापाचंच देऊ. मुलीच्या जागी मी बसते. मी एकसष्ट किलो आहे, गुळाचं सांगून ठेवलं आहे. देवळासमोर, त्याच बायकांसमोर, या वयात त्या पारड्यात बसायची अजूनही लाज वाटते. लोक हसतील, नणंद तर नक्की काहीतरी बोलेल. बोलू दे. चाचा विचारतील आणि मी मोठ्यानं ‘राजी’ म्हणेन. सासूबाईंना हे चालेल की नाही ते त्या सांगतील, आणि त्यांनी नाही म्हटलं तर तेही ऐकून घेईन, दुसरं काय करता येईल ते विचारेन. आणि ती रविवारची वही मी बंद करून कपाटात वर ठेवली आहे. पुढे कधी वजन करायची वेळ आली तर आधी तिला विचारेन.

आता ते, ज्याच्यामुळे तीन पानं फाडली. ती पारड्यात स्वतः चढून बसली असं मी वर लिहिलं, आणि ते खोटं नाही. पण त्या सकाळी बल्ल्या उभ्या राहत असताना तिनं मला विचारलं होतं, “आई, हे काय होय?” आणि मी म्हटलं होतं, “झोका.” मला घाई होती, आणि खरं सांगितलं तर ती काय म्हणेल याचा मला अंदाज होता. झोका म्हणूनच ती एवढ्या आनंदानं चढली. समोर गूळ पडताना पाहिला तेव्हा तिला कळलं, आणि ‘नाई’ म्हणताना ती चाचांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी तिच्या बाजूनं उभी राहिले ती पकडली गेल्यावर. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, चाचांनाही नाही. तुम्हाला सांगणं सोपं आहे, हे पान कुठेच जाणार नाही. सांगायचं आहे ते तिला. ती साडेचारला शाळेतून येते, आता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. दप्तर काढून खायला बसली की पहिली हीच गोष्ट सांगणार आहे. ती ‘काऊन?’ म्हणून विचारेल, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून तयार नाही.